अठ्ठावन्नावा प्रश्न

एरंडवण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सत्तावन्न प्रश्न काढले.
सहा माणसं, दोन महिने,
बाकरवडीचे पुडे किती ते विचारू नका.
घरात माणसं किती. संडास आहे का.
लोहाच्या गोळ्या घेता का, हो किंवा नाही.
सत्तावन्नावा होता: तुम्ही समाधानी आहात का,
एक ते पाच.
तो सुचला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या,
आमच्याच.

मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याच्या पाण्याला वळसा घालत
जीप कातकरवस्तीवर पोचली,
तर अर्ध्या दारांना काटी लावलेली.
"दिवाळी झाली नं," बारकी हिलम म्हणाली,
"मानसं भट्टीवं गेली."
आमचं शिबिर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतं.
लस, तराजू, फ्लेक्स, सगळं येणार होतं
रिकाम्या झोपड्यांचं वजन करायला.

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा कधी.
बारकीनं चुलीतला कोळसा घेतला
आणि अंगणात वर्ष काढलं.
बारा चौकोन नव्हते त्यात.
चिंबोरीसारखं होतं ते, आठ पाय नि दोन नांग्या.
ह्या पायाशी मासे. ह्या पायाशी कंद, तेही संपत आलेले.
ह्या नांगीत भट्टी, मुकादमाची उचल.
ह्या नांगीत आखाड,
तेव्हा पोरं रडतात ती भुकेनं का तापानं
आईलाही कळत नाही.
"हितं या," तिनं दुसऱ्या नांगीवर बोट टेकवलं,
"आन् भट्टी पेटली का तिकडं या. आमच्यामागं."

मी पान उलटलं. गोळ्या घेता का?
"कोंबडीला घातल्या," मागून कोणीतरी,
"लई अंडी दिली तिनं."
सगळे हसले, मीही,
आणि 'नाही'वर खूण करायला पेन टेकवलं.
तेव्हा ठमी म्हातारी म्हणाली,
"काळं पडाया लागलं पोटातनं.
आसं व्हतं, ह्ये कुनी सांगितलंच नाय.
आमाला वाटलं, आतडं सडलं."
त्या उत्तराला चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं, आडवं, मग उभं, मग हातावर.

जानी दाराशी उभी होती, सातवा महिना.
दिवसभर गप्प. आम्ही उठलो तेव्हा बोलली,
"यवढं इचारलं. येक नाय इचारलं."
काय?
"डाक्तरनी हात लावला का.
मागल्या खेपंला त्यानं पेनाच्या टोकानं
माझं पोट दाखवलं नर्सला.
मी घरी आली, परत नाय गेली."
तिनं आवाज चढवला नव्हता.
त्या दिवशी माझे हात कुठं होते, मी आठवून पाहिलं:
एकात पॅड,
एकात पेन.

नंतरचं सगळं काही धड झालं नाही.
भट्टीचा मालक तराजू आत येऊ देईना.
आमच्या साहेबांनी विचारलं, स्पर्शाचं एकक काय?
फंड देणाऱ्यांना चिंबोरीचा फोटो फार आवडला,
चिंबोरीप्रमाणे तारखा मात्र नाही आवडल्या.
तीन बैठका बारकी घोडेगावहून एसटीनं आली,
खुर्चीत मांडी घालून बसली
आणि 'लाभार्थी' हा शब्द आला की प्रत्येक वेळी विचारलं,
"म्हंजी कोन?"
चौथ्या बैठकीपासून तो शब्द आला नाही.

अर्ज छापायला गेला तेव्हा
अठ्ठावन्नावा प्रश्न शेवटच्या पानावर मावेना.
एक अख्खं कोरं पान, वर फक्त तो:
तपासताना तुम्हाला हात लावला का?
कागद वाया जातो, साहेब म्हणाले, अक्षर बारीक करा.
बारकीनं पान हातात घेतलं, उलटं, मग सुलटं.
तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.
"येकटंच हाय नं ह्ये पान?" ती म्हणाली.
"मंग ह्येच आदी इचारा."

आकडा बदलायचा राहून गेला.
आता आमचा अर्ज
अठ्ठावन्नपासून सुरू होतो.